खिडकीवाल्या ताईचे सहा दिवस

सुरतेला जाते म्हटल्यावर साताऱ्यातल्या आमच्या आळीत दोनच प्रतिक्रिया आल्या. पुरुषमंडळी म्हणाली, "लुटून आण काहीतरी." बायकांनी साड्यांची यादी दिली. प्लेगला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती, तरी आईने नाकाला बांधायला तीन रुमाल दिले आणि उंदीर दिसला तर लगेच परत ये, असं बजावलं. मी लुटायला जात नव्हते, की साड्या आणायला जात नव्हते. मी लोकांचं भलं करायला निघाले होते. वय पंचवीस, खांद्यावर नकाशांची लांब नळी आणि पिशवीत तीन रुमाल.

पुण्यात एका मोठ्या वास्तुविशारदांच्या ऑफिसात मी दोन वर्षं नोकरी करत होते. मोठे ते, मी संडासांचे तपशील काढत होते. कोणाच्याही बंगल्यात भांडं कुठे, नळ कुठे आणि उतार किती, हे विचारायचं असलं की माझ्या टेबलाकडे बोट जायचं. त्या साली आमचे सर परदेशातल्या एका परिषदेहून 'लोकसहभाग' हा शब्द घेऊन आले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी उघड्या विटा आणल्या होत्या. सुरतेतल्या एका धर्मादाय ट्रस्टला नवागाममधल्या यंत्रमाग कामगारांसाठी एक वास्तू बांधायची होती. सरांनी पुण्यात बसून ती काढली: बालवाडी, सभेची जागा, पायऱ्यापायऱ्यांचा खुला रंगमंच आणि चारी भिंतींना खिडक्या. माझं काम एवढंच की सहा दिवस तिथे राहायचं, तीन सभा घ्यायच्या, लोकांनी ही वास्तू स्वतःच सुचवली आहे असं त्यांच्याकडून नकाशावर लिहून घ्यायचं आणि रविवारी ट्रस्टच्या प्रमुखांपुढे तो नकाशा ठेवायचा. सह्या मिळाल्या तर बांधकामाची देखरेख माझी आणि पाटीवर सरांच्या नावाखाली माझं नाव. नाही मिळाल्या तर परत संडास.

मंगळवार

स्टेशनवर एकनाथभाऊ घ्यायला आले होते. मूळचे पारोळ्याकडचे, अठरा वर्षांपासून सुरतेत लूमवर. त्यांच्या शेजारच्या खोलीतला भाऊ कुटुंबासह गावी लग्नाला गेला होता, म्हणून त्या खोलीत माझी सोय केली होती. विटका स्वेटर, केसांत कापसाचा भुगा, डोळे लालभडक. गुजरातेत दारूबंदी आहे हे मला माहीत होतं आणि ती कितपत आहे हे आता डोळ्यांनी दिसतंय, असं मी मनाशी म्हटलं.

"या ताई, या! गाडीमा जागा भेटनी व्हती ना?" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की दोन हमाल वळून बघायला लागले. मी हळू आवाजात हो म्हटलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान डोलावली.

रिक्षा उधन्याच्या बाजूने निघाली. रस्ते इतके झाडलेले की मला पुण्याची लाज वाटली. एकदा घाबरल्यावर हे शहर जे झाडायला लागलं ते थांबलंच नव्हतं. पुढे कापडाचे तागे लादलेले टेंपो, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या सायकली आणि मग नवागाम. दुकानांच्या पाट्या गुजराती, पाट्यांखालची भांडणं अहिराणी. शेव, कळण्याचं पीठ, पापड, खानदेशात मिळतं ते सगळं तिथे होतं. फक्त खानदेश नव्हता.

गल्लीत शिरलो आणि मी थक्क झाले. सकाळचे अकरा वाजलेले, पंधरा-वीस मुलं खेळत होती आणि आवाज नाही. गोट्या जमिनीवर न आपटता हातात झेलत होती. मुली सागरगोटे खेळत होत्या, तेही घडी घातलेल्या चिंधीवर. एक पोरगं पडलं, गुडघा फुटला, तर त्याने तोंड वासलं आणि दुसऱ्या मुलीने लगेच त्यावर हात ठेवला. साताऱ्यात आमच्या वाटेवरून एक मूल गेलं तरी कुत्री भुंकायला लागतात. मी वही काढून लिहिलं: 'मुलं अतिशय शिस्तप्रिय.'

एकनाथभाऊंची बायको, सुमनवहिनी, उंबऱ्याबाहेर बसून मांडीवरच्या साडीला टिकल्या चिकटवत होत्या. मागे दार बंद. खोलीला एकच खिडकी, ती पुठ्ठा आणि गोणपाट कोंबून बुजवलेली. वहिनी माझ्याशी कुजबुजत बोलल्या. मी लिहिलं: 'स्त्रिया दबलेल्या.' त्याखाली लिहिलं: 'हवा-उजेडाबद्दल अज्ञान.' सुरतेत पाऊल ठेवून दोन तास झाले नव्हते आणि माझा अभ्यास जवळजवळ पुरा झाला होता.

जेवायला कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा. भाजीवर तेलाचा असा तवंग की त्यात तोंड बघून केस विंचरता आले असते. आमच्याकडे झणझणीत म्हणतात ते इथे तान्ह्या बाळाला चारत असावेत. मी डोळ्यांतून पाणी काढत जेवले. एकनाथभाऊ समोर बसून होते. पाहुणी आलेली असताना आडवं होणं बरं दिसत नाही म्हणून दुपारी तीनपर्यंत ते माझी इमारतीबद्दलची व्याख्यानं ऐकत बसले. मग पडले आणि साडेसहाला उठून डबा घेऊन गेले. बरीच लांब दुपारची झोप घेतात ही माणसं, असं मला वाटलं. साताऱ्याला माझे वडील वीस मिनिटं लवंडतात.

बुधवार

पहिली सभा सकाळी दहाला. ही वेळ मी विचार करून निवडली होती. सरांनी दिलेल्या पुस्तकाप्रमाणे ही माणसाच्या मनाची सर्वांत ताजी वेळ असते. ट्रस्टच्या मोकळ्या जागेत कापडाचा मांडव घातला होता आणि साठ-सत्तर माणसं आली. पुण्यात एखाद्या सोसायटीच्या सभेला सात येतात आणि त्यांतले पाच भांडायला येतात. मी हरखून गेले.

भिंतीवर नकाशा लावून मी बोलायला लागले. "ही पूर्वेची खिडकी. सकाळचं कोवळं ऊन थेट आत. ही दक्षिणेची. दुपारी दोन वाजतासुद्धा आत दिवा लावावा लागणार नाही. तुम्हाला उजेड हवा ना?"

"हवा," सगळे म्हणाले.

"वारा हवा ना?"

"हवा."

"खुला रंगमंच? मुलं दिवसभर गातील, नाटकं करतील?"

"चाली, ताई. बठं चाली."

सगळं चालेल! एवढं एकमत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मागच्या बाजूला काही माणसांचे हात सारखे हलत होते, तोंडापाशी, कपाळापाशी. एकजण दुसऱ्याकडे बघून हात हलवायचा, दुसरा तिसऱ्याकडे. मी वहीत टिपून ठेवलं: 'डास फार. खिडक्यांना जाळ्या हव्यात.' पण सह्यांसाठी कागद पुढे केला तेव्हा सगळे जमिनीकडे बघायला लागले. रविवारी करू, ट्रस्टचे शेठ आले की करू, असं ठरलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतली पोरं मला 'खिडकीवाली ताई' म्हणायला लागली होती, अर्थात कुजबुजत.

गुरुवार

सकाळी दहाची दुसरी सभा अर्ध्या तासात संपली: सगळ्यांना सगळं हवं होतं आणि सही एकही नाही. मग मला कारखाना बघायचा होता. अकराच्या सुमाराला एकनाथभाऊ नुकतेच आडवे झाले होते. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "ताई, ते आते निजनात." पण मी आलेली बघून ते स्वतःच उठले, तोंडावर पाणी मारलं आणि चपला घातल्या. सभ्य माणूस. मीही सभ्यपणे, "झोपायचं तर झोपा हं," असं म्हटलं आणि त्यांच्यामागे चालायला लागले.

आत पाय टाकला आणि माझे कान संपले. एका लांबलचक पत्र्याच्या खोलीत साठेक माग एकाच वेळी धडधडत होते. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, पायाखालची जमीन हलतेय आणि हवेत कापसाचा धूर. मी किंचाळले तर माझं मलाच ऐकू आलं नाही. आणि तिथे, त्या गदारोळात, माणसं निवांत गप्पा मारत होती. हातांनी. चार मागांपलीकडचा माणूस दोन बोटं ओठांना लावायचा, चहा आला. एकजण नसलेल्या मिशीला पीळ द्यायचा, की कारखान्याचे शेठ आले. ओठ हलायचे आणि पलीकडचा वाचायचा. एकाने बोटांनीच काहीतरी सांगितलं आणि पाच मागांवरची माणसं खदखदून हसली. विनोद नक्कीच माझ्यावर होता.

बाहेर आल्यावर माझ्या कानांत अजून माग चालू होते. एकनाथभाऊंना मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. ते का ओरडून बोलतात आणि माझ्या ओठांकडे का बघतात, ते मला तेव्हा कळलं आणि मी स्टेशनवरची दारूची शंका मनातल्या मनात मागे घेतली.

"किती तास काम असतं?" मी ओरडून विचारलं.

"बारा! पंधरा दिन दिनपाळी, पंधरा दिन रातपाळी."

"आत्ता तुमची कोणती?"

"रातनी!"

मी वहीत 'रातपाळी' असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि त्यांना विचारलं, "उद्या सकाळी कतारगामला न्याल का? हिऱ्याचे कारखाने बघायचेत." ती वही माझ्याकडे अजून आहे. रेघ फार सरळ आली आहे.

शुक्रवार

कतारगामला हिरे घासणारी माणसं चाकाभोवती पाटावर बसली होती, डोळ्याला भिंग लावून, आणि खोलीभर स्वच्छ पांढरा उजेड. एका कारागिराने सांगितलं की उजेड जरासा हलला तरी खडा बिघडतो. मला एवढंच हवं होतं. कामगाराला उजेड लागतो, हे सिद्ध झालं. हिरे घासणारा आणि कापड विणणारा ही दोन वेगळी माणसं आहेत, असा विचार मनात येण्याइतकी मी अजून शिकले नव्हते. एकनाथभाऊ बाहेर पायरीवर बसले होते. मी दोन तासांनी आले तेव्हा त्यांची मान भिंतीला टेकलेली होती आणि एक गाय त्यांच्या पिशवीतलं वर्तमानपत्र खात होती. मी त्यांना उठवलं. गाय मात्र आपली उभीच राहिली.

परतताना तापीपलीकडे पोंक खाल्ला. पोंक म्हणजे आपला हुरडा, पण सुरतेने हातात घेतलेला. आपण हुरडा शेतात बसून, हातावर चोळून, धूर डोळ्यांत घेत खातो आणि त्यालाच मजा म्हणतो. इथे हिरवेगार दाणे निवडून, पाखडून पुढ्यात येतात, वर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे मणी, शिवाय त्याच दाण्यांचे गरम वडे आणि ताक. हुरड्यावर साखर बघून माझ्यातला सातारकर खवळला. चार वडे खाऊन तो शांत झाला. एकनाथभाऊंनी काही खाल्लं नाही. "खाई लिसू तर झोप ई," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. मग चौक बाजारातून हिंडून, किल्ल्याच्या भिंती बघून, घरी यायला पाच वाजले. सातला त्यांची पाळी होती.

शनिवार

तिसरी सभा. पुन्हा दहाला. या खेपेला मी ठरवलं होतं की सह्या घेतल्याशिवाय कोणाला उठू द्यायचं नाही. मी खिडक्यांबद्दल अकरा मिनिटं बोलले. मागे पुन्हा ते हात. पण गुरुवारी मी कारखाना पाहिला होता, त्यामुळे आज डास म्हणायची सोय नव्हती. मी 'खिडकी' म्हटलं की कोणीतरी तळहात कपाळावरून डोळ्यांपर्यंत खाली ओढायचा. 'रंगमंच' म्हटलं की एकजण दोन्ही कानांवर हात ठेवायचा आणि बाकीचे माना हलवायचे. तोंडाने मात्र सगळे म्हणत होते, "चाली, ताई."

माझ्या नाकासमोर तीन दिवस एक दुसरीच सभा चालली होती. तिच्यात वाद होते, मतं होती, कदाचित ठरावही होते. तिची मला गंधवार्ता नव्हती आणि मी इकडे लोकसहभागाची टिपणं काढत होते. मी विचारलं, "काही अडचण आहे का?" सगळे एका सुरात म्हणाले, "नही, नही." सह्या कोणी केल्या नाहीत. मी चिडून नकाशा गुंडाळला. एकनाथभाऊ दोन वाजेपर्यंत माझी समजूत काढत बसले, की वाईट वाटून घेऊ नका, रविवारी शेठसमोर सगळे नक्की करतील. मग मी एसटीडी बूथवर जाऊन सरांना फोन केला. सर म्हणाले, "एकही खिडकी कमी करायची नाही. फोटो चांगले यायला हवेत."

रविवार

सकाळी आठला गल्लीत कुजबुज वाढली म्हणून मी बाहेर आले. एकनाथभाऊ दोघांच्या आधाराने येत होते. उजव्या हाताला पांढरं बँडेज, त्यातून लाल डाग. पहाटे मागापाशी उभ्या उभ्या डोळा लागला आणि हात पट्ट्यात गेला. मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं होतं. डॉक्टरने टाके घालून घरी सोडलं होतं.

"ताई, सभा अकरालेच ना? मी येस," त्यांनी मला बघून म्हटलं. नेहमीसारखंच ओरडून.

मी वहिनींना बाजूला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक सरळ प्रश्न विचारला. "वहिनी, ते कपाळावरून डोळ्यांवर हात ओढतात, त्याचा अर्थ काय?"

वहिनी आधी सांगेनात. मग म्हणाल्या, "अंधार. ते म्हनतस, खिडक्या नको, अंधार पाहिजे. रातभर उभा ऱ्हायेल मानूस, तो दिनले निजी कोठे? पत्रा तपस. एक खोली, तिन्हामा चूल, पोरे. आम्ही बाहेर बसतस, पोरेसना तोंड दाबतस. तरी झोप लागत नही. बठा म्हनत व्हतात, निजाले एक जागा भेटी तर बरं व्हई."

"मग तीन सभांत एकानेही का नाही सांगितलं?"

"शिकेल पोरगी पुन्याथून उनी, इतला मोठा नकाशा लई उनी. तिले काय सांगाव, आम्हले निजाले घर बांधी दे? लाज वाटस, ताई."

"आणि एकनाथभाऊ? मी त्यांना रोज..."

"पाव्हनीले नही कसं म्हनाव?" वहिनी म्हणाल्या. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "तुम्हनामुये नही व, ताई." माझ्यामुळेच. स्टेशन, सभा, सभा, कारखाना, कतारगाम, पोंक, सभा. मंगळवारपासून तो माणूस रोज बारा तास उभा राहून येत होता आणि मी रोज त्याची झोप पाहुणचार म्हणून खात होते. शिस्तप्रिय मुलं, दबलेल्या स्त्रिया, हवा-उजेडाबद्दल अज्ञान! त्या वहीत अज्ञानाबद्दल एकच ओळ खरी होती आणि तिला माझं नाव द्यायला हवं होतं.

अकराला अडीच तास होते. मी सरांचा नकाशा उलटा केला आणि त्याच्या पाठीवर नवा काढला. मध्ये एक लांब खोली, जाड दुहेरी भिंती, पत्र्याऐवजी स्लॅब, खिडकी एकही नाही; हवेला वर छपराखाली आडव्या फटी, ज्यांतून वारा येईल आणि ऊन येणार नाही. बालवाडी जागेच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्ये झाडं. काय कुठे हवं ते वहिनी आणि शेजारणी सांगत होत्या. "मंग आम्हले बी दार उघडं ठेवता ई," एक म्हणाली. दोन वर्षं संडास काढण्याचा असा उपयोग झाला की छपराखालच्या फटी मला चांगल्या जमतात.

ट्रस्टचे रमणीकभाई पांढऱ्या सफारीत आले. भला माणूस. सगळ्यांना हात जोडले, एकनाथभाऊंचं बोट बघून हळहळले, मग नकाशाकडे वळले.

"बेन, आ तो भोंयरुं छे! यात बारी कुठे आहे? एकही बारी नाही?"

मी खरं तेच सांगितलं. रातपाळीच्या लोकांना दिवसा झोपायला जागा.

रमणीकभाईंचा चेहरा पडला. "सूवा माटे? बेन, दान शाळेला देतात, मंदिराला देतात, दवाखान्याला देतात. सूवा माटे दान कोण आपे? मी माझ्या भावांना काय सांगू, की कामगारांना झोपवायला वास्तू बांधतो?"

मी युक्तिवाद केला. आरोग्य, अपघात, उत्पादन, सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले. आता हे संपलं, असं मला वाटलं. माझी पाटी गेली त्याचं काही वाटेना. वाटत होतं ते त्या खोलीचं. मग मागे एक हात हलला. दुसरा हलला. हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि शेवटी खांबापाशी उभ्या असलेल्या सुमनवहिनींकडे आले. मंगळवारपासून कुजबुजणारी ती बाई पुढे आली आणि खणखणीत गुजरातीत म्हणाली, "शेठ, सूवा माटे नथी. ध्यान माटे छे. अंधारुं जोइए, शांति जोइए. दिवसभर माणसं येतील, डोळे मिटतील."

"ध्यान?" रमणीकभाई म्हणाले. मग नकाशाकडे वाकून बघितलं. जाड भिंती. खिडकी नाही. आवाज नाही. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "अरे वाह! ध्यानकक्ष! पहेलां केम ना कह्युं? असा कक्ष तर आपल्या सुरतमां क्यांय नथी!"

मी आक्षेप घेण्याच्या परिस्थितीत नव्हते. ज्या धंद्यात बोळाला 'संक्रमणक्षेत्र' म्हणतात, त्यातल्या माणसाने झोपेला ध्यान म्हटल्याबद्दल नाक मुरडू नये. मी पेन घेतलं आणि लांब खोलीवर सुवाच्य अक्षरात 'ध्यानकक्ष' लिहिलं. नकाशा मांडवात फिरला आणि ज्या माणसांनी तीन सभांत पेन हातात धरलं नव्हतं, ती एकामागून एक सह्या करत गेली.

सरांची प्रतिक्रिया इथेच सांगून टाकते. फोनवर आधी ते खवळले, मग 'ध्यानकक्ष' हा शब्द ऐकून तो लिहून घेऊ लागले आणि, यावर पुढच्या परिषदेत निबंध वाचता येईल, असं म्हणाले. देखरेख मला मिळाली. निबंध त्यांनी वाचला.

कागद एकनाथभाऊंपाशी आला आणि थांबला. ते पहिल्या रांगेत, मांडवाच्या खांबाला टेकून मांडी घालून बसले होते. बँडेजचा हात मांडीवर, दुसरा त्याच्यावर, पाठ ताठ, डोळे मिटलेले, श्वास संथ. शेजारच्याने त्यांना हलवायला हात उचलला तेवढ्यात रमणीकभाईंनी त्याला खूण करून थांबवलं. एकनाथभाऊंकडे बघून त्यांनी डोळे विस्फारले आणि अत्यंत आदराने हात जोडले. "जुओ," ते माझ्या कानात कुजबुजले, "एमने तो ध्यान लागी पण गयुं."

कोणी हसलं नाही. तेवढा संयम मला आजही जमणार नाही. मी तोंडात पदर कोंबला आणि मला हसू येतंय की रडू, ते कळेना. रमणीकभाई बूट हातात घेऊन चवड्यांवर चालत मांडवाबाहेर गेले. त्यांच्यामागे सत्तर माणसं उठली. सगळ्यांनी चपला उचलून हातात घेतल्या. बायकांनी बांगड्या वर सरकवून धरल्या. पोरं कडेवर. भर दुपारी बारा वाजता एवढा मोठा जमाव त्या गल्लीतून गेला आणि मला एका पावलाचाही आवाज आला नाही.

मी आणि वहिनी मागे राहिलो. वहिनींनी त्यांना हळूच आडवं केलं, डोक्याखाली साडीचा गठ्ठा दिला आणि मांडवाचं कापड सोडून ऊन अडवलं. मी नकाशाची गुंडाळी घेऊन त्यांच्या हातावरच्या माश्या वारत बसले. त्या सहा दिवसांत मी सुरतेत केलेलं उपयोगाचं काम हेच.

चार वाजता ते उठले. इकडे तिकडे बघितलं. मांडव रिकामा. त्यांनी घाईने केस सारखे केले.

"ताई, सभा कव्हय सुरू व्हई?"

मी त्यांना दिसतील असे ओठ हलवले. "झाली."

"झायी? मंग काय ठरनं?"

"झोपायचं ठरलं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे नीट बघितलं, मान डोलावली आणि कूस बदलली.